शब्द बोटापाशी हवेत

वाणी आणि भाषेविषयीच्या या सदरात या वेळी चार पत्रं घेतली आहेत. चारही पत्रं अशा मुलांबद्दलची आहेत, ज्यांना तोंडाने बोलणं जमत नाही किंवा फार थोडं जमतं आणि जी चित्रांच्या तक्त्यावर किंवा टॅबवर बोट ठेवून बोलतात. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. नावं छापलेली नाहीत.

‘तीनशे चित्रं आहेत, तरी तो रडतोच’

*माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी आहे. समजतं सगळं, पण शब्द उमटत नाहीत. दिवाळीत आम्ही टॅब घेतला आणि चित्रावर बोट ठेवलं की आवाज येतो असं अ‍ॅप टाकलं. मी रात्री जागून फळं, भाज्या, प्राणी, पक्षी, वाहनं, रंग, अवयव अशी पानं तयार केली. तीनशेच्या वर चित्रं झाली. विचारलं तर तो हत्ती दाखवतो, केळं दाखवतो. पण स्वतःहून फक्त ‘पाणी’ आणि ‘शू’. बाकी वेळ माझा पदर ओढतो आणि रडतो. माझ्या मांडणीत काही चुकतंय का?*
— एक आई, कराड

ताई, तुमची चित्रं वाया गेलेली नाहीत, ती पुढे लागणारच आहेत. पण तुम्ही घेतलेली शंका अगदी योग्य जागी आहे. तुमच्या टॅबवर जी मांडणी आहे ती अंकलिपीची. अंकलिपी वस्तू ओळखायला शिकवते, आणि तुमचा लेक वस्तू ओळखतोच आहे. आता मला सांगा, साडेपाच वर्षांच्या मुलावर दिवसभरात ‘हत्ती’ म्हणायची वेळ किती वेळा येते? आणि ‘मला पण’, ‘नको’, ‘परत’ म्हणायची?

एक काम करा. शेजारचं किंवा नात्यातलं त्याच्याच वयाचं एखादं बोलकं मूल बघा आणि एक अख्खी संध्याकाळ ते जे बोलेल ते वहीत उतरवा. ‘ए थांब’, ‘माझंय ते’, ‘तू नाही, आई’, ‘हे काय आहे?’, ‘बघ ना’, ‘झालं माझं’, ‘कुठे चाललीस?’, ‘अजून दे’. मग वही आणि टॅब शेजारी-शेजारी ठेवून यातले किती शब्द टॅबवर आहेत ते तपासा. तो पदर का ओढतो ते तिथेच कळेल. त्याला जे म्हणायचंय ते टॅबवर नाहीच, म्हणून तो पदर ओढतो.

हे फक्त माझं मत आहे असं नाही. अमेरिकेत बनाजी, डिकार्लो आणि स्ट्रिक्लिन यांनी दोन ते तीन वर्षांच्या ५० मुलांचं बोलणं नोंदवून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांत जास्त वापरल्या गेलेल्या शब्दांच्या त्यांच्या यादीत मी, नाही, हो, पाहिजे, ते, माझं, तू, अजून, इथे, जा, मदत, काय, संपलं अशा अर्थांचे शब्द होते. एकही वस्तूचं नाव नव्हतं. या शब्दांना आम्ही गाभ्याचे शब्द म्हणतो. संख्येने थोडे, पण दिवसभर, घरीदारी, कुठल्याही विषयावर चालणारे.

मराठीत तर या शब्दांची चंगळ आहे. ‘लाव’ हा एकच चौकोन घ्या. पंखा लाव, टीव्ही लाव, दार लाव, क्रीम लाव, बाबांना फोन लाव. मुलाने पंख्याकडे बघितलं आणि ‘लाव’ दाबलं की झालं, पंख्याचं चित्र शोधत बसायला नको. ‘काढ’ म्हणजे शर्ट काढ, चित्र काढ, फोटो काढ, काटा काढ. ‘घाल’ म्हणजे बूट घाल, साखर घाल, आंघोळ घाल. म्हणून पहिलं पान अशा शब्दांचं करा.

आता ते मांडायचे कसे? बरीच अ‍ॅप्स मुळात इंग्रजी वाक्याच्या क्रमाने बांधलेली असतात, त्यामुळे ‘पाहिजे’ हा चौकोन ‘मी’च्या लगेच शेजारी येतो. आपलं वाक्य तसं चालत नाही. आपण ‘मला ते पाहिजे’, ‘तू इथे ये’, ‘आई, दार उघड’ असं म्हणतो. क्रियापद शेवटी. म्हणून माणसं डाव्या कडेला घ्या: मी, मला, माझं हे तीन वेगळे चौकोन एकाखाली एक, मग तू, तुझं, आई, बाबा. (‘मी’ एकच ठेवला तर मराठीत काम अडतं. लहान मुलाला ‘मी’पेक्षा ‘मला’ जास्त लागतं.) मध्ये हे, ते, इथे, काय, कुठे, अजून, पण, आत, बाहेर, वर, मोठं, गरम. उजवीकडे दे, घे, ये, जा, बघ, कर, थांब, उघड, लाव, काढ, घाल, आणि अगदी कडेला पाहिजे, नको, आहे, नाही, झालं. बोट डावीकडून उजवीकडे गेलं की मराठी वाक्य तयार. रंगांचा एक जुना संकेत जगभर वापरतात: माणसं पिवळ्या चौकोनात, क्रिया हिरव्या, कसं आहे ते सांगणारे शब्द निळ्या, वस्तू केशरी. तोच ठेवा, म्हणजे उद्या शाळेत दुसरा तक्ता मिळाला तरी गोंधळ होणार नाही.

एक अट मात्र या सगळ्याच्या वर आहे. तुमच्या मुलाचा हात कुठे सहज पोचतो ते आधी बघा. नीट टेकून, पाय टेकलेले असताना त्याला बसवा आणि टॅबच्या कुठल्या भागावर बोट बिनत्रास जातं ते पाहा. वरचा डावा कोपरा त्याला कष्टाचा असेल तर वाक्याचा क्रम बाजूला ठेवायचा आणि रोजचे शब्द हाताच्या टप्प्यात आणायचे. हाताला जे सोपं, तेच बरोबर. बोट घसरून शेजारचा चौकोन दाबला जात असेल तर टॅबवर बसवायची भोकांची पारदर्शक पट्टी मिळते, तिला कीगार्ड म्हणतात. तुमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना विचारा.

आणि एकदा जागा ठरली की ती हलवायची नाही. फोडणी देताना तुम्ही मिसळणाच्या डब्यात मोहरी शोधत नाही, हात आपोआप त्या वाटीकडे जातो. कोणी वाट्यांची अदलाबदल केली तर तेल तापून जाईल आणि तुम्ही शोधत बसाल. त्याच्या बोटालाही ‘नको’ कुठे आहे हे बघायच्या आधी कळलं पाहिजे. म्हणूनच सुरुवातीला आठ मोठी चित्रं, मग सोळा, मग बत्तीस असं वाढवत जाणं मला पटत नाही, कारण दर वेळी सगळे शब्द जागा सोडतात. त्याच्या बोटाला झेपतील तेवढ्या जास्तीत जास्त चौकोनांची चौकट पहिल्यापासूनच धरा, त्यातले आज लागणारे शब्द उघडे ठेवा आणि बाकीचे झाकून ठेवा. चौकोन झाकायची सोय बहुतेक अ‍ॅप्समध्ये असते. पुढे एकेक उघडत जायचं.

तुमच्या जुन्या पानांचं काय? अवयवांचं पान घ्या. ‘नाक दाखव, कान दाखव’ यासाठी ते ठेवू नका. त्याच पानावर उजवीकडे दुखतंय, खाजतंय, चोळ, टोचतंय, आखडलंय, कूस बदल, सरळ बसव हे शब्द घाला. आता ते पान तुमच्या लेकाचं झालं. पायातला स्प्लिंट (आधाराची पट्टी) टोचतोय हे त्याला रडून सांगावं लागणार नाही. भावनांच्या पानावर नुसते हसरे-रडके चेहरे असतात. तिथे ‘लागली’ आणि ‘आली’ हे दोन चौकोन हवेत. भूक, तहान, थंडी लागते. झोप, शू येते आणि ‘आला’ लावलं की राग, कंटाळाही येतो.

फळं-भाज्यांच्या पानांऐवजी प्रसंगांची पानं करा. जेवणाच्या पानावर पोळी, वरणभात, भाजी असेलच, पण त्यासोबत अजून, पुरे, तिखट आहे, गरम आहे, भात कालव, मी खातो, तू भरव, तोंड पूस, आणि ‘वास मस्त येतोय’सुद्धा. आंघोळीचं पान, गोष्टीचं पान, आजोळचं पान, आणि गणपतीत आरती-मोदकांचं पान. ‘मागे’ जायचा चौकोन प्रत्येक पानावर त्याच कोपऱ्यात.

शेवटी एक मोठी विनंती, आणि ती मांडणीइतकीच महत्त्वाची आहे. त्याच्याशी बोलताना तुम्हीही त्या टॅबवर बोट ठेवा. ‘चल, बाहेर जाऊ’ म्हणताना ‘बाहेर’ आणि ‘जा’ दाबा. पोळी वाढताना ‘अजून’ दाबून त्याच्याकडे बघा, आणि उत्तराची घाई करू नका. बोलणारं मूल पहिला शब्द काढण्याआधी वर्षभर आपलं बोलणं ऐकत असतं. टॅबवरचं बोलणं तुमच्या मुलाने अजून कुणाला बोलताना पाहिलेलंच नाही. आणि टॅब खराब होईल म्हणून कपाटात ठेवू नका. मला हे फार घरांत दिसतं आणि फार वाईट वाटतं. मुलाचा आवाज कपाटात ठेवायचा नसतो.

अ‍ॅप कुठलं हवं असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मुंबईच्या आयआयटीमध्ये ‘उम्मीद’ बालविकास केंद्राच्या साथीने तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीतही आहे. त्यात आवडतं, आवडत नाही, हो, नाही, जास्त, कमी हे चौकोन दोन्ही कडांना कायम राहतात, मधली चित्रं तेवढी बदलतात. हा विचार मला आवडतो. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाझ’ विकत घ्यावं लागतं, पण त्यात पानं आपल्या मनासारखी रचायला जास्त वाव आहे. तेही मराठीत आहे. आधी तुमच्याजवळ आहे ते नीट लावा. नवं अ‍ॅप घेतल्याने जुनी मांडणी सुधारत नाही.

‘चित्रं दिली तर बोलायचं सोडेल’

*नातू चार वर्षांचा आहे. स्वमग्नता आहे असं डॉक्टर म्हणतात. ‘आई’, ‘दे’ असे चार-पाच शब्द बोलतो. सूनबाईंना थेरपिस्टनी चित्रांचा तक्ता वापरायला सांगितला आहे. माझ्या मनाला ते पटत नाही. आयतं बोट दाखवायला मिळालं तर जिभेला कष्ट कशाला देईल तो? शिवाय ती बारीक चित्रं तो बघतही नाही.*
— एक आजोबा, रत्नागिरीजवळून

आजोबा, तुमच्यासारखी भीती जवळजवळ प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला वाटते, आणि ती मायेपोटीच वाटते. मिलर, लाइट आणि श्लॉसर या अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न घेऊन तोवरचे अभ्यास तपासले आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. ज्या २७ जणांची माहिती खात्रीची होती, त्यांतल्या एकाचंही तोंडी बोलणं चित्रं-खुणा वापरल्याने कमी झालं नव्हतं. ८९ टक्के जणांचं बोलणं उलट वाढलं होतं, थोडं का असेना. बोलणं ही सगळ्यांत वेगवान गोष्ट आहे. ज्या मुलाला ‘दे’ म्हणता येतं ते मूल तक्ता शोधत बसत नाही, सरळ ‘दे’ म्हणतं. जे शब्द जिभेवर अजून येत नाहीत त्यांच्यापुरता तक्ता. सूनबाईंना साथ द्या.

तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. तो चित्रं बघत नाही. चार वर्षांच्या मुलाला ओळीने मांडलेल्या सुट्या चित्रांचा तक्ता अवघड जाऊ शकतो. सफरचंद ‘खाण्याच्या’ पानात आणि चेंडू ‘खेळाच्या’ पानात, ही मोठ्यांची वर्गवारी आहे. लहान मुलाच्या डोक्यात जग प्रसंगांनी भरलेलं असतं: आजोबा, पडवी, झोपाळा, संध्याकाळ, सगळं एकत्र. अमेरिकेतल्या जॅनिस लाइट आणि कॅथरिन ड्रेगर यांनी लहान मुलांसाठी याच विचाराने काम केलं आहे: अख्ख्या प्रसंगाचा फोटो घ्यायचा आणि त्यातल्या जागांवरच शब्द ठेवायचे.

तुमच्या फोनने हे करता येईल. झोपाळ्यावर तुम्ही दोघं बसलेले असताना कुणाला तरी फोटो काढायला सांगा. टॅबवर असा फोटो टाकून त्यातल्या जागांना आवाज देणारी अ‍ॅप्स आहेत. ती नसतील तर फोटो मोठा छापून घ्या. झोपाळ्यावर बोट ठेवलं की ‘झोका दे’, कडीवर ठेवलं की ‘जोरात’, तुमच्या हातावर ठेवलं की ‘थांबव’, तुमच्या चेहऱ्यावर ठेवलं की ‘आजोबा, परत’. बोट ठेवताना शब्द तुम्ही म्हणायचा आणि तसा झोका लगेच द्यायचा. गोठ्याचा एक फोटो, न्याहारीचा एक, अंगणातल्या नळाचा एक. तीन-चार फोटो पुष्कळ झाले. सुटी चित्रं पुढे हळूहळू येतील, आणि तेव्हाही त्यांच्या जागा ठरवूनच.

‘ती डोळ्यांनी दाखवते, पण कुठलं ते कळत नाही’

*मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तिसरीत नऊ वर्षांची एक मुलगी आहे. बोलता येत नाही, हातांवर ताबा नाही, पण डोळे आणि मान चांगली चालते. घरी गोरमाटी (बंजारा भाषा) बोलतात. टॅब वगैरे नाही. मी पुठ्ठ्यावर विषयवार चित्रं चिकटवून तक्ता केला. ती बघते, पण नेमकं कुठल्या चित्राकडे ते ओळखता येत नाही. धड्यातले नवे शब्द किती घालायचे? आणि तिला अक्षरं येऊ लागली आहेत असं मला वाटतं.*
— एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

सर, पुठ्ठा, डिंक आणि तुमची नजर एवढ्यावर तुम्ही इथवर आलात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. टॅब नाही म्हणून काही अडत नाही. नुसत्या कागदावर वर्षानुवर्षं उत्तम बोलणारी माणसं आहेत.

हात चालणाऱ्या मुलाचा तक्ता आणि डोळ्यांनी बोलणाऱ्या मुलीचा तक्ता एकसारखा मांडता येत नाही. दाटीवाटीच्या चित्रांत नजर नेमकी कुठे आहे हे कुणालाच कळत नाही. म्हणून तिच्यासाठी तुमचं बोट वापरा. तक्त्याच्या ओळी करा. पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारा, ‘या ओळीत आहे?’ तिचा ‘हो’ कसा असतो ते आधी तिच्याशी ठरवा: वर बघणं, हसणं, मान कलणं, जे तिला हुकमी जमेल ते. ‘नाही’ची खूण वेगळी हवी, नुसती शांतता ‘नाही’ समजायची नाही. ओळ ठरली की त्यातलं एकेक चित्र तोंडाने वाचत बोट पुढे न्यायचं. दर चित्रापाशी थोडं थांबायचं. तुम्हाला वाटेल त्याहून जास्त.

या पद्धतीत मांडणीचा हिशेब वेगळा असतो. वाक्यात शब्द कुठे येतो हे इथे गौण आहे. तो शब्द बोलायला तिला किती वाट बघावी लागते, हे मुख्य. सातव्या ओळीत सहाव्या जागी ‘शू आली’ ठेवली तर उपयोग काय? म्हणून पहिली ओळ तातडीची: शू आली, दुखतंय, पाणी, मदत, थांबा. दुसरी ओळ संभाषण सावरणारी: मला समजलं नाही, पुन्हा सांगा, तुम्ही चुकीचं समजलात, मला प्रश्न विचारायचाय, मला काहीतरी सांगायचंय. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक चौकोन हवाच: ‘यातलं नाही’. तो नसेल तर मुलगी नाइलाजाने जवळचं काहीतरी निवडते आणि आपण समजतो की तिला तेच म्हणायचं होतं. ऑस्ट्रेलियातल्या गेल पोर्टर या वाचातज्ज्ञांनी ‘पॉड’ नावाची संवादवह्यांची पद्धत तयार केली, तिचा पायाच असा आहे: आधी मुलाचा हेतू विचारायचा, म्हणजे तक्रार आहे, प्रश्न आहे की गंमत सांगायची आहे, आणि मग शब्दांच्या पानाकडे जायचं. ‘आज काहीतरी झालंय’ एवढं कळलं तरी तुमचे निम्मे प्रश्न वाचतात.

ती मुलगी आहे म्हणून लिहिताना ‘मी दमले’, ‘मी जाते’, ‘मी केलं’ असंच लिहा. बाजारातल्या छापील तक्त्यांवर बहुतेक वेळा ‘दमलो’, ‘जातो’ असतं. वर्गातल्या इतर मुली जसं बोलतात तसंच तिचं बोलणं यायला हवं.

धड्यातले शब्द मोजकेच घाला. ‘बाष्पीभवन’ हा चौकोन परीक्षा झाली की पडून राहणार. त्यापेक्षा प्रश्न असा विचारा की गाभ्याच्या शब्दांत उत्तर देता येईल. ‘उन्हात ठेवलेल्या ताटलीतलं पाणी कुठे गेलं?’ उत्तर ‘वर’. ‘का?’ उत्तर ‘गरम’. ‘आता ताटलीत पाणी?’ उत्तर ‘नाही’ किंवा ‘कमी’. तिला धडा समजला हे तुम्हाला कळलं, आणि एकही नवं चित्र चिकटवावं लागलं नाही. हे प्रश्न अख्ख्या वर्गाला विचारा, तिचा तक्ता फळ्याशेजारी मोठा करून लावा, म्हणजे बाकीची मुलंही तो वाचायला शिकतील. मुलं फार पटकन शिकतात.

घरासाठी दुसरा तक्ता करा. चित्रं तीच, जागा त्याच, पण शब्द तिच्या आईला बसवून, आईच्या तोंडचे गोरमाटीतले लिहून घ्या. चित्राची जागा पक्की असली की भाषा बदलली तरी मुलगी हरवत नाही. आईला वाचता येत नसेल तरी चित्रावरून तिला तक्ता चालवता येईल. चित्रांसाठी स्पेनमधल्या अ‍ॅरागॉन प्रांताच्या सरकारने ‘अरासाक’ नावाचा मोठा चित्रसंग्रह खुला ठेवला आहे. शाळेसाठी तो मोफत वापरता येतो.

अक्षरांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी उठून बसले. सर, ते सोडू नका. आपली वर्णमाला या कामाला आयतीच रचलेली आहे. स्वरांची एक ओळ, मग क, च, ट, त, प या वर्गांच्या पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं, आणि खाली य र ल व, श ष स ह, ळ. ‘त-ओळ?’ ‘हो.’ ‘त, थ, द...’ ‘हो.’ एवढ्यात ‘द’ मिळाला. काना-मात्रेचा आग्रह आत्ता धरू नका. पहिलं अक्षर मिळालं की विषय विचारा आणि मोठ्याने अंदाज करा. ‘द... दादा? दप्तर? दूध?’ तिने ‘प’ आणि ‘ण’ एवढं दाखवलं तरी ‘पाणी’ ओळखता येतं. सरावल्यावर खाली काना, वेलांटी, उकार, मात्रा यांची पट्टी जोडा. तुम्ही चिकटवलेल्या चित्रांत जे नाही तेही तिला या तक्त्यावर सांगता येईल. चित्रांचा तक्ता कितीही मोठा केला तरी तो कुणा दुसऱ्याने निवडलेल्या शब्दांचा असतो, अक्षरांचा तसा नसतो.

वेळ कुठून काढता असं कुणी विचारलं तर २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १७ दाखवा. वाणी किंवा भाषेची अडचण असलेल्यांसाठी अशा पूरक आणि पर्यायी संवादसाधनांच्या वापराला चालना देणं ही जबाबदारी त्यात लिहिलेली आहे.

‘त्याला पण भांडू दे की’

*ताई, मी दहावीत आहे. माझा भाऊ १३ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे, टॅबवर बोलतो. त्याच्या टॅबवर ‘कृपया’, ‘धन्यवाद’, ‘मला शौचालयात जायचे आहे’ असं सगळं आहे. आम्ही मॅच बघतो तेव्हा त्याला काहीच बोलता येत नाही. चुलतभाऊ चिडवतात तर उलट बोलता येत नाही. मी ‘गप ए’, ‘येडा आहेस का’, ‘आऊट!’, ‘कसला भारी’ असे शब्द टाकणार होते, पण आई म्हणते वाईट सवयी लागतील. टाकू का?*
— एक बहीण, पुणे

टाक. आणि हे उत्तर आईला वाचायला दे, कारण खालचं थोडं त्यांच्यासाठीही आहे.

जॅनिस लाइट यांनी १९८८ साली मांडलं की माणूस चार कारणांनी बोलतो: काही हवं-नको म्हणून, माहिती द्यायला-घ्यायला, जवळीक म्हणून आणि शिष्टाचार म्हणून. तुझ्या भावाच्या टॅबवर पहिलं आणि चौथं आहे. चुलतभावांत बसून मॅच बघताना लागतं ते तिसरं, आणि तेच नाही. ‘शौचालयात जायचे आहे’ असं तेरा वर्षांचा कुठला मुलगा म्हणतो? ‘जाऊन येतो’ म्हणतो. तेही बदल. टॅबचा आवाज लहान बाळाचा ठेवला असेल तर मोठ्या मुलाचा निवड.

कुठे ठेवायचं हे मात्र नीट ऐक. ‘आऊट!’ हा शब्द विकेट पडल्या पडल्या यायला हवा. तीन पानं उलटून तो आला तर पुढचा बॅट्समन मैदानात आलेला असतो. जे शब्द वेळेवरच शोभतात, म्हणजे चिडवणं, टोमणा, ओरडणं, हसवणं, ते तयार वाक्यं म्हणून एका दाबात मिळतील असे पहिल्या पानाच्या कडेला ठेव. ज्यात त्याला स्वतःचं काही सांगायचं असतं, शाळेत काय झालं वगैरे, तिथे सुटे शब्दच हवेत, तिथे तयार वाक्यं त्याला अडवतील. दोन्ही लागतात, जागा वेगळ्या. आणि त्याचे जे शब्द आधी जिथे आहेत ते हलवू नकोस, रिकामे चौकोनच वापर.

शब्द तू एकटीने ठरवू नकोस. तुझे मित्र काय बोलतात ते त्याला ऐकव, लिहून दाखव आणि ‘हा टाकू?’ विचार. एखादा शब्द त्याला नको असेल तर नको.

आईंना सांगायचं आहे ते हे. ताई, बोलणारा तेरा वर्षांचा मुलगा आज्जीसमोर एक भाषा बोलतो आणि मित्रांत दुसरी. कुठे काय बोलायचं हे तो बोलून, कधी ओरडा खाऊन शिकतो. तुमच्या मुलाकडे ते शब्दच नसतील तर तो ते शिकणार कसा? त्याने आज्जीला ‘गप ए’ म्हटलं तर इतर मुलांना रागावता तसंच त्यालाही रागवा. शब्द पुसू नका.

आणि आणखी काही शब्द आजच घाला. मुलगा वयात येतोय. त्याच्या शरीराच्या खासगी भागांची नावं, खरी नावं, टॅबवर आहेत का? ‘मला हात लावू नका’, ‘तिथे दुखतंय’, ‘त्यांनी केलेलं मला आवडलं नाही’, ‘मला एकट्याला आईशी बोलायचंय’, ‘मला भीती वाटते’. त्यासोबत घरातल्या, शाळेतल्या, व्हॅनमधल्या, शिकवणीच्या प्रत्येक माणसाचं नाव किंवा फोटो, नावडत्या माणसाचाही. एखाद्या मुलाला काही भयंकर सांगायचं असेल आणि टॅबवर त्यासाठी एकही शब्द नसेल, तर ते कुणालाच कळत नाही. हे पान पहिल्या पानापासून एका दाबावर ठेवा, ते कसं वापरायचं हे त्याच्यासोबत बसून दाखवा. त्याला कुलूप लावू नका, शाळेनेही ते लपवायचं नाही असं वर्गशिक्षकांना लेखी कळवा.